शेवटच्या शनिवारचे गणित : छोट्या महाविद्यालयांचा फुटबॉल हंगाम अखेरीस कसा पाहावा

अमेरिकेत आलेल्या मराठी माणसाला शनिवारच्या फुटबॉलची ओळख बहुधा मोठ्या विद्यापीठांमुळे होते. लाखाहून अधिक प्रेक्षक बसतील अशी मिशिगनची प्रेक्षागारे, दूरचित्रवाणीचे कोट्यवधींचे करार आणि प्रशिक्षकांची डोळे विस्फारायला लावणारी वेतने, हे सारे सहज नजरेत भरते. या झगमगाटाच्या आड त्याच शनिवारी, त्याच नियमांनी, शेकडो छोट्या महाविद्यालयांची मुले खेळत असतात. त्यांना खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, बहुतेकांना व्यावसायिक करारही मिळणार नसतो. आपल्यापैकी अनेकांची मुले ज्या महाविद्यालयांत शिकतात किंवा शिकू इच्छितात, त्यांतील कित्येक याच गटातली आहेत. तरीही नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तेथे काय घडते, याची मराठीत फारशी नोंद आढळत नाही. प्रस्तुत लेख त्यासाठी आहे. येथे ‘फुटबॉल’ हा शब्द अर्थातच अमेरिकन फुटबॉल या अर्थाने योजला आहे.

उदाहरण म्हणून ‘न्यू इंग्लंड स्मॉल कॉलेज अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्स’, म्हणजे ‘नेस्कॅक’, ही संघटना घेतली आहे. ती निवडण्याचे कारण दुहेरी आहे. तिची गुणतालिका समजायला अत्यंत सोपी आहे. शिवाय तिच्या हंगामाची अखेर ज्या नियमाने दीर्घकाळ ठरत आली, तो नियमच आता बदलला आहे.

कोणती महाविद्यालये, कोणता गट

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे नियमन मुख्यतः एनसीएए ही संस्था करते. १९७३ साली तिने आपल्या सदस्यांची तीन विभागांत विभागणी केली. त्यांतील ‘डिव्हिजन थ्री’ हा सदस्यसंख्येने सर्वांत मोठा विभाग होय. त्यात चारशेहून अधिक संस्था असून सुमारे २४० संस्था फुटबॉल खेळतात. या विभागाचा पायाभूत नियम असा, की खेळातील प्राविण्यासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही. कौटुंबिक उत्पन्न पाहून जे आर्थिक साहाय्य इतर विद्यार्थ्यांना मिळते, तेच खेळाडूलाही मिळते.

‘कॉन्फरन्स’ म्हणजे परस्परांशी नियमित खेळणाऱ्या महाविद्यालयांचा गट. नेस्कॅकची स्थापना १९७१ साली झाली. तिचे ११ सदस्य आहेत आणि कनेक्टिकट कॉलेज वगळता दहा महाविद्यालये फुटबॉल खेळतात. मेन राज्यातील बेट्स, बोडन व कोल्बी. मॅसॅच्युसेट्समधील अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स व टफ्ट्स. कनेक्टिकटमधील ट्रिनिटी व वेस्लियन. व्हरमाँटमधील मिडलबरी आणि न्यूयॉर्क राज्यातील हॅमिल्टन. नावांच्या उच्चाराबाबत एक सूचना उपयोगी पडेल : स्थानिक लोक अ‍ॅमहर्स्टमधला ‘ह’ उच्चारत नाहीत, ‘अ‍ॅमर्स्ट’ म्हणतात.

टफ्ट्सचा अपवाद सोडला तर ही महाविद्यालये आकाराने लहान आहेत. अ‍ॅमहर्स्टची विद्यार्थिसंख्या सुमारे १,९०० आहे. फुटबॉलच्या संघात सुमारे ७५ खेळाडू असतात. म्हणजे महाविद्यालयातील दर बारा-तेरा मुलग्यांमागे एक जण फुटबॉलच्या संघात असतो. मोठ्या विद्यापीठात फुटबॉलपटू दुरून दिसणारा तारा असतो. येथे तो प्रयोगशाळेत शेजारच्या मेजावर असतो आणि भोजनगृहात आपल्या मागे रांगेत उभा असतो. हंगामाच्या अखेरीस या सामन्यांत जी आच असते, तिचे मूळ या प्रमाणात आहे.

बंद वर्तुळाची गुणतालिका

२०१७ पासून नेस्कॅकमध्ये प्रत्येक संघ उरलेल्या नऊही संघांशी एकदा खेळतो. त्याआधी सामने आठच असत, त्यामुळे प्रत्येक संघाची एका प्रतिस्पर्ध्याशी गाठच पडत नसे. आता वर्तुळ पूर्ण झाले आहे : सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारच्या सुमारापर्यंत नऊ शनिवार, दर शनिवारी पाच सामने, एकूण ४५ सामने. कॉन्फरन्सबाहेरचा एकही सामना नाही.

या रचनेतून काही गोष्टी आपोआप निघतात. त्या ध्यानात ठेवल्या की अखेरचे तीन आठवडे पाहणे सोपे जाते.

पहिली गोष्ट, अपराजित संघ एकच उरू शकतो. सहा आठवड्यांनंतर दोन संघ अजिंक्य असतील आणि त्यांची गाठ अजून पडलेली नसेल, तर उरलेल्या तीनपैकी एका शनिवारी ती पडणारच. म्हणून सहाव्या आठवड्यानंतर तालिकेच्या शेजारी वेळापत्रक ठेवून पाहावे. आघाडीच्या संघांचे आपसांतले कोणते सामने शिल्लक आहेत, हे मोजले की हंगामाची गाठ कोठे आहे ते कळते. ३० सामने झालेले असतात, १५ उरलेले असतात. त्या पंधरांपैकी विजेतेपदाचा निकाल फिरवू शकतील असे सामने बहुधा मोजकेच असतात.

दुसरी गोष्ट, सामना बरोबरीत सुटत नाही. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये १९९६ पासून जादा डावांची पद्धत आहे. बरोबरी झाल्यास दोन्ही संघांना प्रतिस्पर्ध्याच्या २५ यार्डांच्या रेषेपासून आक्रमणाची एकेक संधी मिळते. तिसऱ्या जादा डावापासून तर केवळ दोन गुणांचा एकेक प्रयत्न आळीपाळीने केला जातो. त्यामुळे तालिकेत विजय आणि पराभव असे दोनच रकाने असतात. क्रिकेटच्या साखळी स्पर्धांतील अनिर्णित सामन्यांचे किंवा बोनस गुणांचे हिशेब येथे करावे लागत नाहीत.

तिसरी गोष्ट जरा बारीक आहे, पण पुढे उपयोगी पडणार आहे. एका संघाच्या नऊ प्रतिस्पर्ध्यांनी आपसांत खेळलेले सामने ३६ होतात. त्यांत ३६ विजय आणि ३६ पराभव. म्हणजे आपल्याशी झालेले सामने वगळले, तर कोणत्याही संघाच्या प्रतिस्पर्ध्यांची एकत्रित यशाची टक्केवारी बरोबर ५० येते. पहिल्या क्रमांकाच्या संघाची तीच, दहाव्या क्रमांकाच्याही संघाची तीच.

बरोबरीचा पेच

दोन संघ समान विजयांसह वर आले, तर त्यांचा आपसांतला सामना पाहता येतो. खरा पेच तिघांचा असतो. ‘अ’ने ‘ब’ला हरवले, ‘ब’ने ‘क’ला हरवले, ‘क’ने ‘अ’ला हरवले आणि तिघांनीही उरलेले सगळे सामने जिंकले, तर तिघांचे आठ विजय व एक पराभव होतात. आपसांतला सामना पाहून काहीच निष्पन्न होत नाही.

नेस्कॅकमध्ये असे प्रसंग पूर्वी आले आहेत. आठ सामन्यांच्या काळात, २०१३ साली, अ‍ॅमहर्स्ट, मिडलबरी आणि वेस्लियन या तिघांनी सात विजय व एक पराभव अशा समान कामगिरीवर विजेतेपद वाटून घेतले. त्या वेळी वाटून घेण्यात कोणाचे काही बिघडत नव्हते. हंगाम तेथेच संपत असे. पुढे कोणाला पाठवायचे, हा प्रश्नच नव्हता. राष्ट्रीय स्पर्धेतील कॉन्फरन्सच्या हक्काच्या जागेवर मात्र एकाच संघाला पाठवता येते. म्हणून बरोबरी सोडवण्याच्या पायऱ्या यापुढे कागदावरच्या तरतुदी राहणार नाहीत. हंगाम पाहणाऱ्याने त्या ऑक्टोबरमध्येच वाचून ठेवाव्यात, हे इष्ट. क्रिकेटरसिकांना नेट रनरेटची सवय असते. येथे मात्र आठव्या आठवड्यात एखाद्या दुबळ्या संघाला ५० गुणांनी धुतले म्हणून तालिकेत वर चढता येत नाही. कोणाला हरवले आणि कोणाकडून हरलो, हेच मोजले जाते.

अखेरच्या शनिवारच्या जोड्या

वेळापत्रक आखताना शेवटचा शनिवार जुन्या वैरांसाठी राखून ठेवण्याची या कॉन्फरन्सची प्रथा आहे. गेल्या काही हंगामांत अ‍ॅमहर्स्ट व विल्यम्स, ट्रिनिटी व वेस्लियन, मिडलबरी व टफ्ट्स, बोडन व कोल्बी, बेट्स व हॅमिल्टन अशा जोड्या या दिवशी समोरासमोर आल्या आहेत.

यांतील सर्वांत जुने भांडण अ‍ॅमहर्स्ट आणि विल्यम्स यांचे. १८२१ साली विल्यम्सचे अध्यक्ष झेफनाया स्विफ्ट मूर हे काही विद्यार्थ्यांसह तेथून निघून गेले आणि अ‍ॅमहर्स्टचे पहिले अध्यक्ष झाले. विल्यम्सच्या लोकांनी ही फारकत दोनशे वर्षांत विसरलेली नाही. १८५९ साली या दोन महाविद्यालयांत अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल सामना झाला आणि अ‍ॅमहर्स्टने तो ७३–३२ असा जिंकला. फुटबॉलमध्ये ते १८८४ पासून एकमेकांशी भिडत आहेत. २००७ साली ईएसपीएनचा ‘कॉलेज गेमडे’ हा एरवी बलाढ्य विद्यापीठांच्या दारी जाणारा कार्यक्रम या सामन्यासाठी विल्यम्सटाउनला आला होता. विल्यम्सची एक प्रथाही सांगण्याजोगी आहे : घरच्या मैदानावर असा मोठा सामना जिंकला, की सारा संघ त्याच पोशाखात स्प्रिंग स्ट्रीटवरून चालत गावातल्या केशकर्तनालयापर्यंत जातो. ही मिरवणूक ‘द वॉक’ म्हणून ओळखली जाते.

अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स आणि वेस्लियन यांच्या आपसांतल्या सामन्यांना ‘लिटल थ्री’ म्हणतात. मेनमधील कोल्बी, बेट्स आणि बोडन यांची वेगळी त्रिपक्षीय लढत आहे. मिडलबरी आणि हॅमिल्टन यांच्यातील चषकाच्या जागी तर एक झुलती खुर्ची आहे. तालिकेत आठव्या-नवव्या क्रमांकावर असलेल्या संघालाही हंगामाच्या शेवटी जिंकण्याजोगे काहीतरी उरावे, अशी सोय या छोट्या स्पर्धांतून झाली आहे. एखादा संघ एक विजय आणि सात पराभव घेऊन शेवटच्या शनिवारी मैदानात येतो, शेजारच्या वैऱ्याला हरवतो आणि पुढचे वर्षभर मान ताठ ठेवतो. दुरून तालिका पाहणाऱ्याला हे दिसत नाही. म्हणून त्या दिवशी वरच्या दोन संघांचाच सामना पाहावा असे नाही.

बंद दार आणि उघडलेले दार

नेस्कॅकच्या खेळांवर महाविद्यालयांच्या अध्यक्षांचे थेट नियंत्रण असते. खेळ अभ्यासाच्या चौकटीत राहावा, ही स्थापनेपासूनची भूमिका. सुरुवातीच्या काळात संघांनी नियमित हंगामानंतर राष्ट्रीय स्पर्धेत जाऊच नये, असा दंडक होता. १९९०च्या दशकात तो इतर खेळांसाठी सैल झाला. त्याचे फळही दिसले : टफ्ट्सच्या पुरुष सॉकर संघाने २०१४, २०१६, २०१८ आणि २०१९ अशी चार राष्ट्रीय विजेतेपदे पटकावली. मिडलबरीच्या महिला हॉकी संघाने २०१७, २०१८ व २०१९ साली लागोपाठ बाजी मारली. फुटबॉल मात्र कुंपणाच्या आतच राहिला.

या अपवादाचा परिणाम सर्वांत तीव्रतेने २०१९ नंतर जाणवला. त्या वर्षी मिडलबरीने नऊपैकी नऊ सामने जिंकले. कॉन्फरन्समध्ये ही किमया करणारा तो पहिला संघ. २०२० चा हंगाम महासाथीमुळे झालाच नाही. २०२१ मध्ये विल्यम्स नऊच्या नऊ सामने जिंकले, २०२२ मध्ये ट्रिनिटी. खेळल्या गेलेल्या तीन लागोपाठच्या हंगामांत तीन वेगवेगळे अपराजित विजेते झाले आणि तिघांचेही हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापूर्वी संपले. त्याच तीन वर्षांत राष्ट्रीय विजेतेपद इलिनॉयचे नॉर्थ सेंट्रल, टेक्सासचे मेरी हार्डिन-बेलर आणि पुन्हा नॉर्थ सेंट्रल यांच्याकडे गेले. न्यू इंग्लंडचे हे संघ त्यांच्यापुढे किती टिकले असते, याचे उत्तर मैदानावर मिळण्याची सोयच नव्हती.

अशीच भूमिका आयव्ही लीगची होती. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आदी आठ विद्यापीठांनी फुटबॉलला हंगामोत्तर स्पर्धेपासून दूर ठेवले होते. विद्यार्थी-खेळाडूंच्या समितीने मांडलेला प्रस्ताव स्वीकारून डिसेंबर २०२४ मध्ये आयव्ही लीगने हे बंधन उठवले. २०२५ च्या हंगामात येलने शेवटच्या शनिवारी हार्वर्डला हरवून थेट प्रवेश मिळवला. हरलेल्या हार्वर्डलाही निवडीने जागा मिळाली. पुढच्याच आठवड्यात येलने यंग्सटाउन स्टेटला ४३–४२ असे नमवले.

नेस्कॅकनेही २०२५ मध्ये आपला निर्णय जाहीर केला : २०२६ च्या हंगामापासून तिच्या फुटबॉल संघांना डिव्हिजन थ्रीच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेता येईल.

राष्ट्रीय स्पर्धेचा हिशेब

डिव्हिजन थ्रीच्या राष्ट्रीय स्पर्धेत २०२४ पासून ४० संघ घेतले जातात. बहुतेक जागा कॉन्फरन्सच्या विजेत्यांसाठी असतात, उरलेल्या जागा कामगिरी पाहून भरल्या जातात. ४० संघांचे ३२ करण्यासाठी पहिल्या फेरीत १६ संघ आठ सामने खेळतात, २४ संघांना पुढे चाल मिळते. त्यानंतर सरळ बाद फेऱ्या. अंतिम सामन्याचे नाव ‘स्टॅग बोल’. १९७३ पासून चालत आलेल्या या सामन्यात ओहायोच्या माउंट युनियनने सर्वाधिक, म्हणजे १३ वेळा विजय मिळवला आहे.

संघांची निवड आणि क्रमवारी २०२४ पासून ‘एनपीआय’ या गणिती निर्देशांकाने होते. संघाचे विजय-पराभव, प्रतिस्पर्ध्यांचा कस, सामना घरी झाला की परक्या मैदानावर, तसेच भक्कम संघांवर मिळवलेले विजय, या बाबी त्यात मोजल्या जातात. वृत्तपत्रे वा संकेतस्थळे दर आठवड्याला पहिल्या २५ संघांची जी यादी देतात, तिला या निवडीत स्थान नाही. ती चर्चेपुरती असते.

येथे बंद वर्तुळाची तिसरी गोष्ट पुन्हा पुढे येते. नेस्कॅकचे संघ बाहेर कोणाशीच खेळत नसतील, तर त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची यशाची टक्केवारी पन्नासाभोवतीच फिरणार. इतर कॉन्फरन्सचे संघ सप्टेंबरमध्ये बाहेरच्या बलवान संघांशी खेळून आपला निर्देशांक वाढवू शकतात. नेस्कॅकच्या संघाला तो मार्ग मिळत नाही. ही कॉन्फरन्स इतरांच्या तुलनेत बलवान आहे की दुबळी, हे गणिताला कळायला माहितीच उपलब्ध नसते. परिणामी दुसऱ्या क्रमांकाच्या संघाची निवडीची वाट बिकट होते. विजेतेपदच सुरक्षित, हा त्याचा अर्थ. म्हणून शेवटच्या शनिवारी केवळ मानासाठी नव्हे, तर पुढच्या आठवड्यात सराव असेल की नाही यासाठीही संघ खेळतील.

तारखांचे भानही ठेवावे. २०२४ आणि २०२५ मध्ये नेस्कॅकचा शेवटचा सामना राष्ट्रीय स्पर्धेसाठीच्या निवडीच्या आठ दिवस आधी झाला होता, तर इतर अनेक कॉन्फरन्स त्यानंतरच्या शनिवारीही खेळत होत्या. अंतिम सामना दोन्ही हंगामांत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात झाला. म्हणजे अंतिम फेरीपर्यंत जाणारा संघ नऊ सामन्यांनंतर आणखी पाच किंवा सहा सामने खेळणार. थँक्सगिव्हिंगची सुटी, डिसेंबरमधील सत्रपरीक्षा आणि नाताळ हे तिन्ही त्याच काळात येतात.

विद्यार्थी म्हणून खेळाडू

नेमका यावरच मतभेद आहे आणि दोन्ही बाजूंना वजन आहे.

जुन्या नियमाचे समर्थक म्हणतात, की फुटबॉल हा शरीराला सर्वाधिक झिजवणारा खेळ आहे. आधीच्या हंगामाच्या निम्म्याहून अधिक सामने त्यावर वाढवणे, तेही परीक्षांच्या तोंडावर, ही चैन नव्हे. शिवाय सर्वांचा हंगाम एकाच दिवशी, जुन्या प्रतिस्पर्ध्यासमोर संपतो, यात एक समता होती. अपराजित संघ आणि एकही विजय न मिळालेला संघ दोघेही त्याच संध्याकाळी शिरस्त्राण खाली ठेवत.

बदलाचे समर्थक विचारतात, की सॉकर आणि हॉकीच्या खेळाडूंना जे दिले, ते फुटबॉलपटूंना नाकारण्यास शैक्षणिक कारण कोणते? त्याच परीक्षा तेही देतात. चार वर्षांत एकदाच जमून आलेल्या संघाला आपली उंची मोजण्याची संधी न देणे, हा त्यांच्या मते संयम नसून अन्याय होता.

या वादाला प्रवेशप्रक्रियेची किनार आहे आणि पालकांनी ती जाणून घ्यावी. शिष्यवृत्ती नसली तरी या निवडक महाविद्यालयांत प्रशिक्षकाच्या शिफारशीला प्रवेशात वजन असते. जेम्स शुलमन व विल्यम बोवेन यांचे ‘द गेम ऑफ लाइफ’ (२००१) आणि बोवेन व सारा लेविन यांचे ‘रिक्लेमिंग द गेम’ (२००३) ही पुस्तके याच प्रश्नावर होती. खेळासाठी निवडलेले विद्यार्थी अभ्यासात अपेक्षेपेक्षा मागे पडतात का आणि महाविद्यालयाच्या जीवनात त्यांचा वेगळा कप्पा तयार होतो का, हे त्यांनी आकडेवारीनिशी तपासले. राष्ट्रीय स्पर्धेचे दार उघडल्यावर प्रशिक्षकांवरचा दबाव आणि शिफारशींची मागणी वाढते का, हे पुढच्या काही वर्षांत पाहावे लागेल. आपल्या मुलाचे वा मुलीचे खेळाच्या बळावर अशा ठिकाणी नाव निघत असेल, तर डिसेंबरमध्ये परीक्षांचे काय होते, हा प्रश्न भेटीच्या वेळी प्रशिक्षकाला नि:संकोच विचारावा.

खेळून पुढे जाणारे अगदी थोडे असतात, पण आहेत. मिडलबरीचा स्टीव्हन हाउश्का पुढे नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडून खेळला आणि सिअ‍ॅटल सीहॉक्सचा किकर म्हणून सुपर बोल जिंकणाऱ्या संघात होता. मुख्य प्रशिक्षक म्हणून सहा सुपर बोल जिंकणारे बिल बेलिचिक हे वेस्लियनचे माजी खेळाडू. हे अपवाद होत. इतरांसाठी चौथ्या वर्षाचा शेवटचा सामना हा बहुधा आयुष्यातला शेवटचा सामना असतो. सॉकर वा क्रिकेट चाळिशीतही रविवारी सकाळी खेळता येते. संरक्षक साधने चढवून, अकरा जणांनी अकरा जणांवर धडकण्याचा हा खेळ पदवीनंतर हौसेखातर खेळता येत नाही. घरच्या अखेरच्या सामन्यापूर्वी होणाऱ्या ‘सीनियर डे’ समारंभात आईवडिलांचा हात धरून मैदानात येणारा तगडा मुलगा का रडतो, ते यावरून समजावे.

पाहणाऱ्यासाठी काही सूचना

सामने महाविद्यालयांच्या क्रीडा संकेतस्थळांवरून थेट दाखवले जातात. चित्रण साधे असते आणि समालोचन पुष्कळदा विद्यार्थीच करतात. वेळेचा गोंधळ मात्र टाळावा. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे तासाने मागे जातात, म्हणजे अखेरच्या आठवड्यांच्या अगदी मध्यावर. पूर्व किनाऱ्यावर दुपारी एकला सुरू होणारा सामना त्याआधी भारतात रात्री साडेदहाला आणि दुबई वा मॉरिशसमध्ये रात्री नऊला दिसतो. त्यानंतर तो अनुक्रमे साडेअकरा आणि दहाला दिसतो. ब्रिटनची घड्याळे एक आठवडा आधीच बदलतात. त्यामुळे एरवी तेथे संध्याकाळी सहाला दिसणारा सामना त्या मधल्या एका शनिवारी पाचलाच सुरू होतो.

मैदानात जाणे शक्य असेल, तर जरूर जावे. वेस्लियनचे अँड्रस फील्ड थेट ग्रंथालयासमोर आहे. मेनमध्ये या दिवसांत साडेचारच्या आत सूर्य मावळतो, म्हणून थर्मासमध्ये चहा आणि जाड मोजे आवश्यक. वाऱ्याकडेही लक्ष द्यावे. सोसाट्याच्या वाऱ्यात लांब फेकी आणि लांबून मारलेले किक भरवशाचे राहत नाहीत, संघ चेंडू हातात घेऊन धावण्यावर भर देतात आणि सामना कबड्डीसारखा इंच-इंच रेटारेटीचा होतो. ऑक्टोबरमध्ये फेकीच्या जोरावर वर आलेला संघ नोव्हेंबरमध्ये का अडखळतो, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

शेवटच्या शनिवारी संध्याकाळी पाचही निकाल लागले, की तीन गोष्टी स्वतंत्रपणे पाहाव्यात : तालिकेत वर कोण राहिले, जुन्या वैरांतून कोण जिंकले आणि कोणाला पुढच्या शनिवारची तयारी करायची आहे. आजवर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नेहमी ‘कोणालाच नाही’ असे असे. २०२६ पासून दहा संघांपैकी निदान एकाच्या बाबतीत ते तसे राहणार नाही. विजेत्याला पुढची तारीख मिळेल. उरलेल्या संघांतील चौथ्या वर्षाच्या मुलांचा शेवटचा सामना मात्र पूर्वीसारखाच त्याच दिवशी, त्याच जुन्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध झालेला असेल.